वऱ्हाडातील वसंत आणि बागेची कामे

वसंताची चाहूल लागली की बागेत नवी रोपे लावण्याची हौस उफाळून येते. अमरावती-अकोल्याचा वसंत मात्र अल्पायुषी असतो. निंब-पिंपळाची पाने गळतात, पळस फुलतो आणि चैत्र अर्धा सरतो न सरतो तोच पारा चाळिशी ओलांडतो. मे महिन्यात तो ४५ अंशांच्या घरात जातो. म्हणून वऱ्हाडातील वसंतात बागकाम म्हणजे मुख्यतः उन्हाळ्याची पूर्वतयारी होय. माघ पौर्णिमेपासून गुढीपाडव्यापर्यंतच्या दीड महिन्यात जे झाले, त्यावरच मृगापर्यंत कोणते झाड तग धरेल हे बहुतांशी ठरते.

पहिले काम मातीचे. येथील काळी जमीन पाणी धरून ठेवते. परंतु वाळताच आकसते व तिला रुंद भेगा पडतात. त्यांतून खोलवरची ओल उडून जाते आणि कोवळी मुळे तुटतात. भेगा दिसू लागण्यापूर्वीच आळ्यातील माती खुरप्याने हलकी करावी व वर वाळक्या पानांचे चार बोटे जाड आच्छादन द्यावे. खोडाभोवती मात्र वीतभर जागा मोकळी ठेवावी. गळलेली पाने पेटवून दिली तर हाती आलेले खत जाते, आणि त्या पाल्यात आश्रयाला आलेले असंख्य लहान जीवही जळतात.

कुंड्या बदलणे, मोगऱ्याची हलकी छाटणी करून शेणखत देणे ही कामे ऊन तापण्याआधी उरकावीत. भेंडी, गवार, चवळी, काकडी, दोडका, दुधी यांचे बीही याच सुमारास टोकावे. कंदमुळे वर्ज्य असणाऱ्या घरांना हा वेलभाज्यांचा हंगाम विशेष सोयीचा. कोवळ्या रोपांना पश्चिमेकडून तुराट्यांचा किंवा पऱ्हाटीचा आडोसा पुरेसा होतो.

वरूड-मोर्शीच्या संत्राबागांत या दिवसांत एकीकडे मृग बहाराची फळे उतरत असतात, तर दुसरीकडे आंबिया बहाराची वाटाण्याएवढी फळे धरलेली असतात. अंगणातील एकट्या संत्र्याचेही गणित तेच. पाण्याचा मोठा खंड पडून मग एकदम भरपूर पाणी मिळाले की ही कोवळी फळे गळतात. म्हणून पाणी बेताचे पण नियमित द्यावे. आळे दुहेरी करावे, म्हणजे पाणी खोडाला न लागता मुळांपाशी पोहोचते आणि डिंक्या रोगाचा धोका कमी होतो. पावसाळ्याच्या तोंडावर खोडाला जमिनीपासून सुमारे मीटरभर उंचीपर्यंत बोर्डो मलम लावावे. १ किलो मोरचूद, १ किलो चुना व १० लिटर पाणी हे त्याचे प्रमाण. मोरचूद लोखंडी भांड्यात कालवू नये.

पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात प्रश्न अधिक बिकट असतो. विंधन विहिरीचे खारे पाणी कुंडीत पडत राहिले की पाणी उडून जाते आणि क्षार मागे उरतात. कुंडीच्या काठावरचा पांढरा थर ही त्याची खूण. पानांच्या कडा करपू लागल्या म्हणजे अनेकजण आणखी तेच पाणी घालतात आणि रोप दगावते. अशा वेळी गोडे पाणी मिळेल तेव्हा एकदाच भरपूर घालून ते तळच्या छिद्रातून वाहू द्यावे, म्हणजे क्षार धुऊन निघतात. तांदूळ, डाळी, भाज्या धुतलेले पाणी याच कुंड्यांसाठी राखून ठेवावे.

पाण्याच्या बचतीसाठी मडक्याइतके स्वस्त साधन दुसरे नाही. कच्च्या भाजणीचे, पाझरणारे मडके झाडाजवळ गळ्यापर्यंत पुरून भरावे व वर झाकण ठेवावे. पाणी हळूहळू मुळांपर्यंत झिरपते. झाकणामुळे पाणी उडत नाही, डासही होत नाहीत.

नव्या झाडांची घाई मात्र करू नये. एप्रिल-मेमध्ये दोन-अडीच फुटांचे खड्डे खणून ते उन्हात तापू द्यावेत. शेणखत व माती भरून ठेवावी. रोप लावायचे ते चांगला पाऊस पडून जमीन मुरल्यावरच.