मॉरिशसची प्रदक्षिणा : ग्री-ग्रीला मुलांना सांभाळा

मॉरिशस बेट सुमारे ६५ किलोमीटर लांब आणि ४५ किलोमीटर रुंद. त्यामुळे सहकुटुंब जाणाऱ्यांना एका दिवसात किनाऱ्याची प्रदक्षिणा करण्याचा मोह होतो. वाहतूकही आपल्यासारखीच डाव्या बाजूने चालते.

या बेटाला जवळपास सर्व बाजूंनी प्रवाळाच्या भिंतीने वेढले आहे. भरसमुद्रातील लाटा तिच्यावर फुटतात आणि आतील उथळ पाण्यात लहान मुलेही निर्धास्त डुंबू शकतात. आग्नेयेकडील ब्लू बे येथे काचेच्या तळाच्या बोटीतून हेच प्रवाळ पाहता येते. दक्षिणेला सुयाकजवळील ग्री-ग्री येथे मात्र ही भिंत खंडित झाली आहे. इथून थेट अंटार्क्टिकापर्यंत मोठा भूभाग नसल्याने लाटा अडत नाहीत, त्या सरळ काळ्या कातळावर आदळतात. सकाळी ब्लू बेला डुंबलेल्या मुलांना दोन्हीकडचा समुद्र एकच वाटतो. धोका नेमका तिथेच आहे. ग्री-ग्रीचे दृश्य कड्यावरूनच पाहावे, पाण्यात उतरू नये.

मे ते ऑक्टोबर या काळात आग्नेय वाऱ्यांमुळे पूर्व किनारा गार आणि वाऱ्याचा असतो. म्हणून सकाळी पूर्वेकडून निघून दुपारनंतर पश्चिमेला, पळून आलेल्या गुलामांचा आसरा असलेल्या ल मॉर्न डोंगराच्या पायथ्याशी पोहोचावे. युनेस्कोने २००८ मध्ये त्याला जागतिक वारशाचा दर्जा दिला. सूर्यास्तही याच बाजूला दिसतो.