घोड्याची पाठ काय सांगते

माथेरानला दस्तुरी नाक्यावर गाड्या थांबतात. पुढे मोटारींना बंदी, म्हणून वर्षानुवर्षे पर्यटकांचा भार घोड्यांनी वाहिला आहे. त्या घोड्याला काही त्रास असेल तर तो दाखवेलच, असे आपण धरून चालतो. ते खरे नाही. घोडा मुळात शिकार होणारा प्राणी. कळपात जो लंगडतो त्यालाच लांडगा हेरतो. म्हणून घोडा दुखणे लपवतो.

तरी चेहरा बोलतो. 2014 मध्ये युरोपातल्या संशोधकांनी शस्त्रक्रिया झालेल्या घोड्यांचे चेहरे तपासून वेदनेच्या सहा खुणा ठरवल्या. ताठ मागे वळलेले कान, आक्रसलेला डोळा, त्याच्या वरचा ताण, आवळलेला जबडा, घट्ट ओठ, ताणलेल्या नाकपुड्या.

प्रश्न वजनाचाही आहे. अमेरिकेत 2008 साली घोड्यांवर त्यांच्या वजनाच्या 15 ते 30 टक्के भार घालून पाहिले, तेव्हा 25 आणि 30 टक्क्यांना स्नायू जास्त दुखावले, ताठरले. 20 टक्क्यांची मर्यादा मानली, तर 300 किलोच्या तट्टूला 60 किलो झेपतात, तेही खोगिरासकट! आपल्याकडच्या 1965 च्या नियमांनी ओझ्याच्या तट्टूसाठी 70 किलोंची मर्यादा घातली आहे. पारा 37 अंशांवर गेला की दुपारी 12 ते 3 जनावराला कामाला जुंपायचे नाही, हेही त्यातच आहे.

पायांचे दुखणे वेगळे. पुढच्या पायाच्या गुडघ्याखाली घोड्याला स्नायू जवळजवळ नसतातच, सारी मदार कंडरांवर. टेकताना खूर किंचित फाकतो, धक्का शोषतो. कच्च्या लाल मातीवर हे ठीक चालते. गुळगुळीत पेव्हर ब्लॉकवर लोखंडी नाल घसरतो. माथेरानच्या घोडेवाल्यांनी या ब्लॉकना विरोध केला आणि वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. घोडा पडला तर घोडेवाल्याची चूलही थंड पडते, त्यामुळे हा विरोध मला पूर्ण रास्त वाटतो.

बसण्यापूर्वी घोडेवाल्याला खोगीर जरा उचलायला सांगा. गडद रंगाच्या पाठीवर पांढऱ्या केसांचे ठिपके असतील, तर तिथे बहुधा कधीतरी खोगिराने जखम केली होती. ओली जखम दिसली, किंवा तुमचे वजन जास्त असले, तर ठरलेले भाडे घोडेवाल्याच्या हातात द्या आणि पायी चला.