वाळलेलं पान काढू नका हं!

दोस्तांनो, कुंडीत नाही, भिंतीवर टांगलेल्या फळीवर वाढणारं नेचं पाहिलंय? हे स्टॅगहॉर्न, मूळचं पूर्व ऑस्ट्रेलियाच्या जंगलातलं. तिथे ते मोठ्या झाडांच्या खोडांवर राहतं, पण त्यांचा रस मात्र पीत नाही! पुढची पानं सांबराच्या शिंगांसारखी, मागची ढालीसारखी गोल. ही ढाल पुढे तपकिरी पडते. आई म्हणते, "वाळलं ते, काढून टाक." थांबा! मुळं तिच्याच मागे असतात. तीच त्यांची ओल राखते अन् नेच्याला धरून ठेवते. शिंगांवरची पांढरी लवही धूळ समजून पुसू नका. तिच्यामुळे पाणी कमी उडतं. टोकांखाली तपकिरी मखमल दिसली, तर तो रोग नव्हे, बीजाणू बरं का! फळीवर बांधलेला नारळाचा काथ्या कोरडा लागला की फळीसकट बादलीत दहा मिनिटं बुडवा, निथळू द्या, पुन्हा उजेडात टांगा. कडक ऊन नको.