कान बांधून जा

मे महिन्यात नागपुरात दुपारी कुणी घराबाहेर पडायला निघालं, की आतून आवाज येतो, "कान बांधून जा!" सीताबर्डीच्या व्हेरायटी चौकात सिग्नलला थांबलेल्या दुचाकीस्वारांकडे पाहा. दुपट्टा असो, शेला असो की गमछा, तो कपाळावरून ओढून कानांवर घट्ट बसवलेला दिसेल. लू कानातून अंगात शिरते, ही इथली पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत आहे. २३ मे २०१३ रोजी या शहराचा पारा ४७.९ अंशांवर गेला होता. असले उन्हाळे काढणाऱ्यांची समजूत हसण्यावारी नेण्याआधी नीट तपासायला हवी.

ऊन कानातून शरीरात शिरत नाही, हे आधी सांगून टाकतो. कानाची नळी जेमतेम अडीच सेंटिमीटरची, वळणाची आणि टोकाला पडद्याने बंद असते. उष्माघात होतो तो सगळं अंग तापून, स्वतःला थंड ठेवण्याची शरीराची व्यवस्था कोलमडल्यामुळे. पण म्हणून उष्णतेचं कानाशी काही देणंघेणं नाही, असं मात्र नाही.

व्हिएन्नातले कानाचे डॉक्टर रॉबर्ट बारानी रुग्णांचे कान पिचकारीने धूत. पाणी गार असलं की रुग्णाला गरगरायचं. गरम असलं तरी गरगरायचंच, फक्त बुबुळांची फडफड उलट्या दिशेने व्हायची. अंगाइतकं कोमट पाणी घेतलं की काही होत नसे. कारण आतल्या कानात दडलेलं आहे. तोल सांभाळणाऱ्या तीन अर्धवर्तुळाकार नलिकांपैकी आडवी नलिका कानाच्या नळीला सगळ्यांत जवळची. तिच्यातला द्रव एका बाजूने तापला की हलका होऊन वर सरकतो आणि डोकं स्थिर असूनही ते फिरत असल्याची खबर मेंदूला पोचते. बारानींना १९१४ चं नोबेल मिळालं ते तोलाच्या या इंद्रियावरच्या कामासाठी. चक्कर येणाऱ्या रुग्णाची ही तपासणी आजही होते. पाणी वापरलं तर ३० आणि ४४ अंशांचं, हवा वापरली तर २४ आणि ५० अंशांची.

४४ हा आकडा नागपूरकराच्या चांगलाच ओळखीचा आहे. तरीही रस्त्यावरच्या झळीने अशीच गरगर होते, असा दावा मी करणार नाही. हवा पाण्याइतकी चटकन उष्णता देत नाही, तपासणीत ती नळीने थेट एकाच कानात सोडतात, आणि रस्त्यावर दोन्ही कान सारखेच तापत असल्यामुळे दोन्हीकडच्या खबरी एकमेकींना खोडतात. पण कान बांधणारं कापड डोकं आणि मानही झाकतं, पाळीची कातडी भाजू देत नाही. आजीचं कारण चुकलं असेल, सल्ला चुकलेला नाही.

आतल्या कानाला रक्त पोचवणारी धमनी एकच, तिला पर्यायी वाट नाही. उन्हात अंग थंड ठेवायला रक्त कातडीकडे धावतं, घामावाटे पाणी आणि मीठ जातं, रक्तदाब उतरतो. भोवळ येण्याआधी म्हणूनच डोळ्यांपुढे अंधारी येते, कानात सूं होतं, शेजारच्याचं बोलणं लांबून आल्यासारखं वाटतं. रांगेत उभा असलेला माणूस "काही ऐकू नाही येऊन राहिलं" म्हणाला, तर त्याला लगेच सावलीत आडवं करा, पाय उंचावर ठेवा, शुद्धीवर असेल तर पाणी द्या. असा बधिरपणा थोड्या वेळात उतरतो. बरळू लागला तर मात्र थेट दवाखाना गाठा. आणि एका कानाचं ऐकू येणं अचानक गेलं नि परत आलंच नाही, तर मळ असेल म्हणून आठवडे घालवू नका. त्यावरचे उपचार पहिल्या काही दिवसांतच सर्वाधिक गुण देतात.

कूलरची बाजूही पाहायला हवी. वाळ्याच्या ताट्यांतून येणारी गार, दमट हवा हे इथलं सुख, पण अशा दमट हवेत घामेजलेला किंवा पोहून ओला झालेला कान काडीने कोरला की आतली कातडी सोलवटते आणि बुरशीला आयतं घर मिळतं. ॲस्परजिलस नावाची बुरशी त्यात नेहमीची. प्रचंड खाज सुटते, दडा बसतो, आणि डॉक्टर आत पाहतात तेव्हा भिजलेल्या वर्तमानपत्रासारखा काळे ठिपके असलेला लगदा दिसतो. त्यावर घरचं तेल सोडू नये. कान साफ करून घेऊन कोरडा ठेवावा लागतो.

कानाचं मशीन लावणाऱ्या वडीलधाऱ्यांना उन्हाळा आणखी जड जातो. घाम मशीनमध्ये शिरतो आणि ते मधेच बंद पडतं. रात्री ते सिलिका जेलच्या डबीत ठेवावं, उन्हात उभ्या केलेल्या गाडीत कधीच विसरू नये.

मला सगळ्यांत काळजी वाटते ती औषधांची. अमिकासिन, जेंटामायसिन ही इंजेक्शनं जीव वाचवतात, पण आतल्या कानातल्या, आवाज आणि तोल टिपणाऱ्या केसपेशी मारूही शकतात आणि माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. ही औषधं मूत्रपिंडावाटे बाहेर पडतात. उन्हाने किंवा जुलाबांनी अंगातलं पाणी आटलं, मूत्रपिंडं मंदावली, की ती शरीरात जास्त वेळ रेंगाळतात. अशा रुग्णाला ही इंजेक्शनं सुरू असतील, तर लघवी किती होते, कानात आवाज येतो का, तोल जातो का, हे नातेवाइकांनी डॉक्टरांना रोज आपणहून सांगावं.