खडकातलं फ्लोराइड, ट्यूबमधलं फ्लोराइड

३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपाने लातूर आणि धाराशिव (तेव्हाचा उस्मानाबाद) जिल्ह्यांतली गावं उद्ध्वस्त केली. त्यानंतर शास्त्रज्ञांनी किल्लारीजवळ ६१७ मीटर खोल विंधण घेतलं. वरचे ३३८ मीटर निघाला काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट. त्याखाली गाळाचा पातळ थर आणि मग ग्रॅनाइटच्या कुळातला प्राचीन खडक. हा खटाटोप भूकंपाचं कारण शोधण्यासाठी होता. पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड किती उतरेल, हेही खडकांच्या याच उतरंडीवर बरंचसं ठरतं.

फ्लोरिन हा जहाल वायू. १८८६ मध्ये फ्रेंच रसायनतज्ज्ञ आंरी म्वासाँ यांनी तो पहिल्यांदा वेगळा केला. निसर्गात तो मोकळा सहसा राहतच नाही. इतर मूलद्रव्यांशी बांधला जाऊन फ्लोराइड होतो आणि फ्लोराइट, अ‍ॅपेटाइट, अभ्रक अशा खनिजांत दडून बसतो. अ‍ॅल्युमिनियमच्या भट्टीत ही संयुगं लागतात, काचेवर नक्षी कोरायला लागतात आणि टूथपेस्टमध्येही लागतात.

गोड खाल्लं की तोंडातले जिवाणू आम्ल तयार करतात आणि दाताच्या आवरणातलं कॅल्शियम-फॉस्फेट झिजतं. लाळेतलं फ्लोराइड ते परत बसवायला मदत करतं, आणि नव्याने बसलेला थर आम्लाला सहज दाद देत नाही.

हाच पदार्थ दात बिघडवतोही. अमेरिकेतल्या कोलोरॅडो स्प्रिंग्ज गावात लोकांच्या दातांवर तपकिरी डाग होते, पण हे दात किडत मात्र कमी. पाण्यातलं फ्लोराइड त्याला कारणीभूत आहे, हे १९३१ मध्ये कळलं. मग मात्रेचा हिशेब मांडला गेला आणि १९४५ मध्ये ग्रँड रॅपिड्स शहराने पाण्यात मुद्दाम, मोजून फ्लोराइड मिसळायला सुरुवात केली.

भारतात प्रश्न उलटा आहे. इथे फ्लोराइड काढून टाकावं लागतं. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात ते लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत असावं. दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घेतात. वर्षानुवर्षं त्याहून जास्त पोटात गेलं, तर लहान वयात घडणाऱ्या दातांवर पांढरे, मग पिवळे-तपकिरी पट्टे उमटतात. मात्रा फारच जास्त असेल तर पुढे सांधे आखडतात, पाठीचा कणा ताठरतो. झालेलं नुकसान भरून येत नाही.

महाराष्ट्रात नांदेडचा किनवट भाग आणि यवतमाळमधलं पांढरकवडा या दुखण्यासाठी ओळखले जातात. किनवटकडे काळ्या पाषाणाचं पांघरूण संपत येतं आणि ग्रॅनाइट वर डोकावतो. अशा खडकाच्या भेगांत पाणी दीर्घकाळ मुरलं, त्यात कॅल्शियम कमी असलं, की फ्लोराइड विरघळत जातं.

धाराशिव जिल्हा काळ्या पाषाणावर वसलेला. या खडकात फ्लोराइड तुलनेने कमी. पण जिल्हा अवर्षणप्रवण. आड आटला की बोअर आणि पहिलं बोअर आटलं की आणखी खोल. खोलवरचं जुनं पाणी खडकाच्या सहवासात जास्त काळ राहिलेलं असतं. म्हणून शेजारच्या बोअरचा अहवाल आपल्या बोअरला लागू पडेलच असं नाही.

फ्लोराइडला ना रंग, ना वास, ना चव. पाणी उकळल्याने ते जात नाही. वाफ उडून उलट दाट होतं. साधा कँडल फिल्टरही कामाचा नाही. आरओ किंवा अ‍ॅक्टिव्हेटेड अ‍ॅल्युमिना चालतं. नागपूरच्या ‘नीरी’ या संशोधन संस्थेने विकसित केलेल्या नलगोंडा पद्धतीत तुरटी आणि चुना वापरून फ्लोराइड गाळासोबत खाली बसवतात.

टूथपेस्टमध्ये भारतात १००० पीपीएमपर्यंत फ्लोराइडला परवानगी आहे आणि ते ट्यूबवर छापावं लागतं. तीन ते सहा वर्षांच्या मुलांना वाटाण्याएवढी पेस्ट पुरते, ती गिळू द्यायची नाही. बोअरवर मात्र काहीच छापलेलं नसतं. जलजीवन मिशनमध्ये गावोगावी महिलांना पाणी तपासणीच्या किटचं प्रशिक्षण दिलं जातं. किटवर आकडा जास्त दिसला, तर नमुना प्रयोगशाळेत पाठवावा आणि निकाल येईपर्यंत ते पाणी धुण्याभांड्यांपुरतंच ठेवावं.