टोबॅगोची ‘रविवारची शाळा’
भर समुद्रात कंबरभर पाण्यात उभे राहता येते, यावर आमचा विश्वास नव्हता. टोबॅगो बेटानजीकच्या ‘नायलॉन पूल’मध्ये नावाड्याने आम्हां उभयतांना उतरविले, तेव्हा तो बसला. सौभाग्यवतींना पोहता येत नाही. प्रथम त्या होडीची कड सोडीनात. मग त्यांना वर घेणे कठीण झाले! शेजारच्या बुकू प्रवाळभित्तीवर मात्र पाऊल ठेवायचे नाही, अशी ताकीद होती. प्रवाळ जिवंत असतात. मोडलेली फांदी भरून यायला वर्षे लागतात.

रात्री बुकू गावी ‘संडे स्कूल’. नावावर भुलून आम्ही सोज्ज्वळ वेषात गेलो. पाहतो तो भररस्त्यात नाच आणि पिंपांपासून घडविलेल्या स्टीलपॅनचा निनाद!

पुढे त्रिनिदादला निव्वळ विश्रांती. तेथे एका आजीबाईंनी ‘डबल्स’ वाढले : दोन मऊ ‘बारा’ आणि त्यांत चण्याची उसळ. ३० मे १८४५ रोजी ‘फतेल रझाक’ जहाजातून पहिले हिंदी मजूर या बेटावर उतरले. आजीबाईंचे पणजोबा त्यानंतरचे. त्यांचे मूळ गाव आम्ही विचारले. नाव त्यांना ठाऊक नव्हते.

“तुमचे?”

सौभाग्यवतींनी कोकणातले गाव सांगितले.

“तेथेच राहता?”

“नाही. आमची चौथी पिढी इंदुरात.”

आजीबाई हसल्या आणि त्यांनी आणखी एक डबल्स वाढले.