पुन्हा एकदा कमी कर्बोदकांकडे

कमी कर्बोदकांचा आहार सुटला की यकृत आणि स्नायूंमधला ग्लायकोजेनचा साठा पुन्हा भरतो. एक ग्रॅम ग्लायकोजेन सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवते. त्यामुळे चार दिवसांच्या लग्नसराईत काट्यावर वाढलेले दोन किलो बहुतांशी पाणीच असते, चरबी नव्हे. आहार पुन्हा सुरू केल्यावर पहिल्या आठवड्यात झपाट्याने उतरते तेही बहुतांशी पाणीच. खरी चरबी त्यानंतर सावकाश घटते आणि नेमक्या याच टप्प्यावर अनेकजण निराश होऊन आहार सोडतात.

कर्बोदके घटल्याने इन्सुलिन कमी झाले की मूत्रपिंडे जास्त मीठ बाहेर टाकतात. सुरुवातीची डोकेदुखी आणि थकवा बऱ्याच अंशी त्यातूनच येतो.

मराठी घरातली मोठी चूक उपवासाची: साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च. ज्वारीची भाकरी पौष्टिक खरी, पण तिच्या पिठातही दोन तृतीयांश कर्बोदकेच असतात. अंडी, मासे, पनीर, पालेभाज्या आणि मूठभर शेंगदाणे यांवर ताट उभे करता येते.

मधुमेहाच्या रुग्णांनी मात्र डॉक्टरांशी बोलल्याशिवाय सुरुवात करू नये. इन्सुलिनचा जुना डोस तसाच राहिला, तर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते.